करंजमाळावरचा हरवलेला ब्रेक

मनवाच्या हातातून भडंगाचा द्रोण खाली पडला, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

करंजमाळाच्या धावपट्टीवर जिथे लांबलचक सरळ पट्टा संपतो, तिथे डावीकडे एक अवघड वळण आहे. तिथे आली की प्रत्येक गाडी ब्रेक मारते, नाक जरा खाली झुकवते आणि शहाण्यासारखी वळते. सुलूआत्याची लाल गाडी चार फेऱ्या तशीच वळली होती. पाचव्या फेरीला मात्र ती वळलीच नाही. मागचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. गाडी तशीच सुसाट पुढे गेली, धावपट्टी ओलांडून वाळूच्या रुंद पट्ट्यात घुसली आणि धुळीच्या लोटात दिसेनाशी झाली.

मनवाला "आत्या!" म्हणून ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच फुटेना.

धूळ खाली बसली तेव्हा गाडी दारापर्यंत वाळूत रुतलेली दिसली. दार उघडत नव्हतं, म्हणून आत्या खिडकीतून बाहेर आली. तिला साधं खरचटलंही नव्हतं, पण चेहरा पांढराफटक पडला होता. सुलूआत्या दातांची डॉक्टर. भल्या भल्या पैलवानांच्या दाढा उपटताना तिचा हात कधी थरथरला नाही. तीच आत्या आता आपल्या उजव्या पायाकडे टक लावून बघत उभी होती. तो पाय जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

"ब्रेक नव्हता," ती मनवाला म्हणाली. "मी दाबला, तर पाय थेट तळाला टेकला. पुन्हा पुन्हा दाबला. मनू, ब्रेक तिथे नव्हताच गं!"

आता तुम्ही विचाराल, गाडी माणसाने चालवायचीच कशाला? बरोबर आहे. ही गोष्ट ज्या काळातली, त्या काळात रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या आपल्या आपण धावत होत्या आणि माणसं आत बसून डुलक्या काढत होती. पण हौसेला मोल नसतं. ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोलच्या गाड्या होत्या आणि ज्यांचे हात शिवशिवत होते, अशी मंडळी कोल्हापूरहून करंजमाळावर यायची. तिथे कधीकाळी विमानं उतरत. आता त्या धावपट्टीवर हौशी लोक फेऱ्या मारत. त्यासाठी 'हस्तचालक' असा पितळी बिल्ला लागे, आणि तो मिळवणं खायचं काम नव्हतं. दसऱ्याला तर इथे जत्राच भरे. सकाळी गाड्यांची पूजा व्हायची, मग झेंडूचे हार घातलेल्या गाड्या धावपट्टीवर निघायच्या. आमचं सीमोल्लंघन हेच, असं ही मंडळी छाती फुगवून सांगत.

आज दसराच होता.

गाडी वाळूतून ओढून काढायला बराच वेळ गेला. ती मंडपात आणल्यावर तपासणीला पाव्हणे आले. पाव्हणे म्हणजे धावपट्टीवरचा तपासनीस यंत्रमानव. बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून आल्यामुळे पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला 'या पाव्हणं' म्हटलं, आणि तेच नाव कायमचं चिकटलं. पाव्हण्यांना चार हात होते आणि चेष्टामस्करी अजिबात कळत नव्हती.

पाव्हण्यांनी एका हाताने ब्रेकचं पेडल दाबलं. पेडल जरासं खाली गेलं आणि दगडासारखं घट्ट थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"ब्रेक उत्तम आहे," पाव्हणे म्हणाले.

आत्याने स्वतः आत बसून पेडल दाबलं. खरंच, घट्ट होतं! मघाशी नाहीसा झालेला ब्रेक आपल्या जागी परत येऊन बसला होता.

धावपट्टीचे व्यवस्थापक मगदूमकाका डोकं खाजवत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, गाडी तर ठणठणीत हाय. मग चूक कुणाची म्हणायची?"

"काका, दिवे लागलेले सगळ्यांनी बघितलेत! आत्याने ब्रेक दाबला होता," मनवा म्हणाली.

"आगं, पाय नुसता टेकला तरी दिवा लागतोय की. घाबरल्यावर पाय आखडतो माणसाचा. होतं असं." मगदूमकाका वाईट नव्हते, पण नियमाला पक्के होते. गाडी नीट असून अपघात झाला, तर दोष चालवणाऱ्याचा आणि बिल्ला जप्त, असा तो नियम. त्यांनी हात पुढे केला. "माझ्या जिवावर आलंय बघा. पण द्या बिल्ला."

आत्याने भांडावं, निदान एखादं फर्मास वाक्य तोंडावर फेकावं, अशी मनवाची अपेक्षा होती. आत्याने बिल्ला काढून दिला. "असेल," ती हळूच म्हणाली. "माझाच पाय आखडला असेल."

मनवाला वाळूत घुसलेल्या गाडीपेक्षाही या वाक्याचा जास्त धक्का बसला. आत्याने स्वतःवरच अविश्वास दाखवावा? पावसाळाभर दोघींनी मिळून त्या गाडीला नवे ब्रेक बसवले होते! मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या) आणल्या. खूप तापले तरी पकड न सोडणारे पॅड (डिस्कवर घासणाऱ्या जाड वड्या) आणले. ते पॅड डिस्कवर दोन्ही बाजूंनी दाबणारे कॅलिपर (मोठे चिमटेच म्हणा) बदलले. त्यांतलं ब्रेक ऑईलही ताजं भरलं. जुने ब्रेक आत्याने कितीतरी वर्षं वापरले, त्यांनी कधी दगा दिला नाही. आणि हे चांगले, महागडे, नवे ब्रेक पाचव्या फेरीला गायब! असं कसं होईल?

मगदूमकाका आपल्या निळ्या गाडीकडे गेले. पुढच्या फेरीत त्यांचाच पहिला नंबर होता. मनवा पाव्हण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही पेडल आत्ता दाबून बघितलंत," ती म्हणाली. "आत्याने दाबलं तेव्हाचं तुम्हाला कुठे माहीत आहे?"

पाव्हण्यांच्या डोळ्यांतले दिवे मंद झाले. विचार करताना ते तसे होत. "बरोबर. तेव्हाचं मी मोजलेलं नाही. तेव्हा आणि आत्ता यांत फरक काय?"

"गाडी तेव्हा पळत होती. आता उभी आहे."

"आणखी?"

मनवाने चाकाजवळ हात नेला. कोमट लागलं. गाडी वाळूतून काढली तेव्हा तर जवळ उभं राहवत नव्हतं. "गाडी तेव्हा तापली होती! आता निवली."

"किती तापली असेल?" पाव्हण्यांनी विचारलं. "आपण चहाच्या कपांत मोजू. पळणाऱ्या गाडीत गतिज ऊर्जा (वस्तू हलत असल्यामुळे तिच्यात असलेली ऊर्जा) असते. गाडी थांबवली तरी ती ऊर्जा नष्ट होत नाही. पॅड डिस्कवर घासतात आणि तिची उष्णता होते. ही गाडी एक टन वजनाची आहे. ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने जाताना थांबवली, तर साधारण एक कप पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते."

"आणि वेग दुप्पट केला तर? दोन कप?"

"चार."

"चार?" मनवाला वाटलं, पाव्हण्यांचं डोकं फिरलं.

"वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. वेग चौपट झाला की सोळापट. सरळ पट्ट्याच्या शेवटी डॉक्टरांचा वेग होता ताशी एकशे चव्वेचाळीस. म्हणजे छत्तीसच्या चौपट."

"बापरे! सोळा कप!"

"वळणासाठी त्या वेग निम्मा करतात, बहात्तरवर आणतात. बहात्तरला किती कप उरतात?"

"चार. म्हणजे सोळातून चार गेले, बारा." मनवाचे डोळे विस्फारले. "एका ब्रेकमध्ये बारा कप?"

"चार चाकांत मिळून. सर्वांत जास्त पुढच्या दोन चाकांत. आणि तेही तीन-चार सेकंदांत."

घरी एक कप चहा उकळेपर्यंत आजोबांचा निम्मा पेपर वाचून होतो. इथे तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत अख्ख्या पंगतीचा चहा तयार! आणि असे ब्रेक प्रत्येक फेरीत चार वेळा. मनवाने पुन्हा चाकाकडे बघितलं, तेव्हा तिला त्याची थोडी भीतीच वाटली.

"पण डिस्क लोखंडाची आहे. ती तापली म्हणून पेडल तळाला का जाईल?"

हे ऐकून बाजूला बसलेली आत्या उठली. तिने आपल्या पिशवीतून सुई नसलेली एक सिरिंज काढली, पाण्याने भरली आणि तिचं तोंड बोटाने बंद करून मनवापुढे धरली. "दाब."

मनवाने दट्ट्या दाबला. तो हलेना. जोर लावला, तरी जागचा हलेना.

"पाणी दबत नाही. ब्रेक ऑईलही दबत नाही," आत्या म्हणाली. "मी पेडल दाबते, नळीतलं तेल तो दाब जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत नेतं आणि पॅड डिस्क धरतात." मग तिने थोडं पाणी काढून सिरिंजमध्ये हवेचा मोठा बुडबुडा घेतला. "आता दाब."

दट्ट्या सुळकन आत गेला. सगळा जोर बुडबुडा चेपण्यातच गेला, आणि मनवाचं बोट जवळजवळ तळाला टेकलं.

मनवाने सिरिंजमधला बुडबुडा निरखून बघितला.

"पण तेलात हवा कुठून येणार?" मनवा म्हणाली. "आपण तर एक-एक बुडबुडा काढला होता." आणि मग तिला चहा आठवला. भांड्याच्या तळातून वर येणारे बुडबुडे आठवले. "आत्या, तेल उकळलं!"

"प्रत्येक द्रवाला उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला तो उकळू लागतो ते तापमान) असतो," पाव्हणे म्हणाले. "या तेलाचा अडीचशे अंशांच्या थोडा वर आहे. तेवढं तापलं तर त्याची वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल तळाला जातं. गाडी निवली की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पेडल घट्ट लागतं. हे शक्य आहे. पण शक्य असणं म्हणजे घडलेलं असणं नव्हे. पुरावा हवा."

पुरावा होता! आत्याने कॅलिपरवर एक कागदी पट्टी चिकटवली होती. तिच्यावर पांढरे चौकोन होते आणि प्रत्येकाखाली एक तापमान छापलेलं होतं. कॅलिपर तेवढा तापला की तो चौकोन काळा पडतो, आणि निवल्यावरही काळाच राहतो. पेडल सगळं विसरलं, पण पट्टी विसरणार नव्हती. मनवा जमिनीवर आडवी झाली आणि चाकाच्या फटीतून बघू लागली.

"एकशे ऐंशी, काळा. दोनशे वीस, काळा. आत्या, दोनशे साठसुद्धा काळा आहे!"

आत्याने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिचा पाय आखडला नव्हता. जगात सगळं खोटं ठरलं असतं तरी चाललं असतं, पण हे एक खरं ठरायला हवं होतं.

"जुन्या ब्रेकचंही मला आता कळतंय," ती म्हणाली. "त्यांचे पॅड तापले की लगेच घसरायला लागायचे. मग मी आपोआप हळू जायची. हे नवे पॅड घसरतच नाहीत. म्हणून मी आणखी जोरात गेले, आणखी उशिरा ब्रेक मारला आणि उष्णता वाढवत बसले. पॅडनी सोसलं, तेलाला सोसलं नाही."

"तरीही हिशोब जुळत नाही," पाव्हणे म्हणाले. "डॉक्टरांनी बंपरला दोन गोल भोकं पाडून आतून नळ्या चाकांपर्यंत नेल्या आहेत. समोरचा वारा त्या नळ्यांतून ब्रेकवर जातो. तो वारा मिळाला असता, तर एकशे ऐंशीच्या पुढचा एकही चौकोन काळा व्हायला नको होता."

दोन गोल भोकं.

मनवाची नजर बंपरकडे गेली.

सकाळी पूजेच्या वेळी हार तिनेच घातला होता. हार घालून झाल्यावर झेंडू उरले, आंब्याचे डहाळे उरले. बंपरमधली ती दोन भोकं तिला फुलदाणीसारखी वाटली होती. तिने त्यांत मुठी मुठी झेंडू आणि पानं गच्च खोचली होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आणखी दाबली होती. हार पहिल्याच फेरीत तुटून उडाला. पण खोचलेली फुलं? ती तर वारा जितका जोरात येईल तितकी आतच गेली असणार!

"पाव्हणं, सकाळी पूजेनंतर तपासलंत तेव्हा ती भोकं उघडी होती?" तिने कसंबसं विचारलं.

"पूर्ण उघडी."

मनवाने भोकात हात घातला. खांद्यापर्यंत हात आत गेला, तेव्हा नळीच्या वाकणात बोटांना काहीतरी लागलं. तिने ओढून काढलं. चेपलेल्या, करपलेल्या झेंडूचा आणि पानांचा एक गच्च गोळा बाहेर आला. त्याला होमासारखा वास येत होता.

"हे बघा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

पाव्हण्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. "तुझ्या हातात काही नाही," ते म्हणाले.

मनवाने गोळा आणखी पुढे धरला. आत्या म्हणाली, "काही नाही? अहो, एवढा मोठा गोळा आहे! फुलं आहेत!"

"फुलं मला दिसत नाहीत. मागच्या दसऱ्याला मी सर्वांचे हार काढायला लावले होते. लोक चिडले. तेव्हा मला शिकवण्यात आलं, की फुलं-पानं ही सजावट आहे, गाडीचा भाग नाही, ती चित्रातून वगळायची. मी वगळतो."

म्हणजे सकाळी हा पठ्ठ्या फुलांनी बुजलेल्या भोकांसमोर उभा राहिला आणि 'उघडी आहेत' म्हणाला! आपणच त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि आपणच त्याच्या नजरेवर विसंबलो. आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात पलीकडे इंजिन गुरगुरलं, आणि मनवाला दुसरा, त्याहून मोठा धक्का बसला. सकाळी तिची सजावट बघून मगदूमकाका म्हणाले होते, "आरं तिच्या, काय झ्याक दिसतंय! आमच्याबी गाडीला खोच की, बाळ." त्यांनीही यंदा तशाच नळ्या बसवल्या होत्या. आणि मनवाने मोठ्या उत्साहाने त्यांतही फुलं खोचली होती.

निळी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. वरचा दिवा हिरवा व्हायच्या बेतात होता. तो दिवा पाव्हण्यांच्या ताब्यात असे.

"थांबवा!" या वेळी मनवाचा आवाज फुटला, आणि असा फुटला की मंडपातली माणसं दचकली. "पाव्हणं, काकांची गाडी थांबवा!"

"कारण?"

"त्यांच्याही भोकांत फुलं आहेत!"

"फुलं वगळलेली आहेत. ते कारण होत नाही."

दिवा पिवळा झाला. मनवाला वाटलं, याचे चारही हात धरून गदागदा हलवावं. पण यंत्राशी भांडून उपयोग नव्हता, त्याला कळेल असं बोलायला हवं होतं. तिने दोन्ही मुठी आवळल्या. "फुलं सोडा! त्यांच्या नळ्यांतून वारा जाणार नाही. ब्रेक निवणार नाही. तेल उकळेल!"

"वारा जाणार नाही," पाव्हणे म्हणाले. "हे कारण आहे."

दिवा लालभडक झाला.

मगदूमकाका तणतणत गाडीतून उतरले. आत्याने त्यांच्या बंपरमध्ये हात घातला आणि झेंडूचा ढीग त्यांच्या पायाशी टाकला. मनवाने सगळं सांगितलं. बारा कप सांगितले, बुडबुडा सांगितला, काळा चौकोन दाखवला आणि शेवटी मान खाली घालून म्हणाली, "फुलं मीच खोचली होती, काका."

काका मटकन एका टायरवर बसले. "तू खोचलीस खरं, पण खोच म्हणून मीच म्हटलं की. आन् ह्या पाव्हण्याला फुलं बघू नको म्हणून शिकवायला सांगितलं, ते बी मीच." त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला आणि दोन्ही हातांनी आत्यापुढे धरला. "डॉक्टरीणबाई, माफ करा. तुमचा पाय न्हाई, माझं डोकं आखडलं हुतं."

पाव्हण्यांना फुलं बघायला घातलेली बंदी तिथल्या तिथे काढण्यात आली. त्यांच्या डोळ्यांतले दिवे विझले आणि पुन्हा लागले. मग त्यांनी मान वळवून सगळीकडे बघितलं. मंडपावर तोरणं होती, गाड्यांवर हार होते, कठड्यावर माळा होत्या.

"इथे एवढं पिवळं आहे?" पाव्हणे म्हणाले. कुणीतरी हसलं, पण मनवाला हसू आलं नाही. तिला त्यांचं वाईट वाटलं.

दुपारी नळ्या स्वच्छ केल्या आणि भोकांवर जाळी बसवली. तेल सगळं बदलून आणखी वरच्या उत्कलनबिंदूचं भरलं. "हे तेल हवेतला ओलावा पीत राहतं," आत्या मनवाला सांगत होती, "आणि ओलावा प्यायला की लवकर उकळतं. म्हणून फेऱ्यांच्या दिवसाआधी ते ताजं भरायचं. आणि पाच जोरदार फेऱ्या झाल्या, की एक फेरी सावकाश मारायची, ब्रेक निववायला." ती पुष्कळ बोलत होती, पण गाडीत बसत नव्हती. उजवा पाय उगीचच जमिनीवर टेकवून बघत होती.

"आत्या, ब्रेक गेला का होता ते आता आपल्याला माहीत आहे," मनवा म्हणाली. "भूत नव्हतं ते. वाफ होती."

आत्याने तिच्याकडे बघितलं, हेल्मेट चढवलं आणि ती गेली.

सरळ पट्ट्यावर लाल गाडी सुसाट आली. मनवाने कठडा घट्ट धरला. वळण आलं. दिवे लागले, लागलेलेच राहिले, गाडीचं नाक खाली झुकलं, आणि ती शहाण्यासारखी डावीकडे वळली. पाचव्या फेरीलाही वळली.

"बारा कप," पाव्हणे शेजारी उभे राहून म्हणाले.

मनवाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण डोकं मात्र चालू होतं. "पाव्हणं, हे रोजचे बारा बारा कप नुसते वाऱ्यावर सोडायचे?"

"विजेवरच्या गाड्या ब्रेक मारताना त्यातला बराच भाग विजेच्या रूपात साठवतात. पण इतक्या जोरात ब्रेक मारला, की इतक्या थोड्या वेळात सगळी ऊर्जा साठवणं अजून कुणाला जमलेलं नाही."

"अजून," मनवा म्हणाली, आणि वळणाकडे बघत विचारात पडली.

संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. आत्याने मनवाला दिली, मगदूमकाकांनी आत्याला दिली. मनवाने एक पान पाव्हण्यांच्या लोखंडी तळव्यावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

पाव्हण्यांनी तळवा डोळ्यांजवळ नेला.

"माझ्या हातात पान आहे," ते म्हणाले.